ते दोन कमळपक्षी नवरा-बायको नाहीत हो!

पावसाळा लागला की हा मेसेज परत फिरायला लागतो. दोन फोटो एकाखाली एक लावलेले असतात, वर लांब काळ्या बाकदार शेपटीचा, पांढऱ्या पंखांचा, मानेमागे सोनेरी पट्टा असलेला पक्षी, आणि खाली काळ्या चकचकीत मानेचा, तपकिरी पंखांचा, आखूड शेपटीचा. मजकूर थोडाफार बदलतो पण सार असं: "हा कमळपक्ष्याचा जोडा. वरचा नर, खालची मादी. नर लांब शेपटीने मादीला भुलवतो. लोक शेपटीसाठी त्याला पकडतात म्हणून हिवाळ्यात बिनशेपटीचे नर दिसतात. हा जोडा जन्मभर एकत्र राहतो. आई पिल्लांना पंखाखाली उचलून नेते. बोटांमध्ये पडदे असल्यामुळे हे पक्षी पाण्यावर चालतात. तळ्यात जलपर्णी वाढू द्या म्हणजे यांची संख्या वाढेल. घरटं दिसलं तर फोटो काढून सगळ्यांना पाठवा."

फोटो खरे आहेत. दोन्ही पक्षी आपल्याकडचेच आहेत, बऱ्याचदा एकाच तळ्यावर दिसतात, दोघांचे पाय आणि बोटं बघून कुणालाही वाटेल की हे एकाच घरातले. पण त्याखालचा मजकूर जवळजवळ ओळीगणिक चुकीचा आहे, आणि लोक तो प्रेमाने पुढे पाठवतात, शाळेतल्या ग्रुपवर टाकतात, पक्षी बघायला नव्याने आलेली मुलं तेच धरून बसतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूया.

आधी पहिलं वाक्य, "वरचा नर, खालची मादी".

नाही. हे दोन वेगळे पक्षी आहेत, नुसते वेगळ्या जातीचे नाहीत तर वेगळ्या प्रजातीगटातले, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्दसुद्धा दोघांचा निराळा. वरचा तो लांब शेपटीचा कमळपक्षी, पक्षीवाले ज्याला फेझंट-टेल्ड जकाना म्हणतात, हायड्रोफॅसिअ‍ॅनस किरर्गस. खालचा तो कांस्यपंखी कमळपक्षी, ब्राँझ-विंग्ड जकाना, मेटोपिडियस इंडिकस. पहिल्याचं वर्णन स्कोपोलीने १७८६ साली केलं, दुसऱ्याचं लॅथमने १७९० साली, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ हे दोन वेगळे म्हणूनच नोंदलेले आहेत. जगात कमळपक्ष्यांच्या कुळात एकूण ८ जाती आहेत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, मध्य आणि दक्षिण अमेरिका असं सगळीकडे पसरलेलं कुळ आहे हे, आणि त्यातल्या फक्त या २ भारतात आढळतात.

आता कुणी म्हणेल की नावं माणसांनी दिलेली, उद्या कळलं की एकच आहेत तर? तर मग नकाशा बघा. श्रीलंकेत लांब शेपटीचा कमळपक्षी आहे, तळ्यातळ्यावर आहे, तिथे वीण करतो, आणि कांस्यपंखी तिथे नाहीच. काश्मीरमध्ये उन्हाळ्यात दल आणि वुलर सरोवरांच्या परिसरात लांब शेपटीवाला येतो, अंडी घालतो, पिल्लं वाढवतो, तिथेही कांस्यपंखी नाही. तैवानमध्ये तेच. खालचा पक्षी जर वरच्याची मादी असेल तर श्रीलंकेतले, काश्मीरमधले आणि तैवानमधले नर कुणाबरोबर संसार करतात आणि अंडी कोण घालतं? या एका प्रश्नावर हा मेसेज आडवा होतो, पुढचं काही वाचायचीही गरज नाही खरं तर.

पण ओळखायचे कसे हे सांगतो, कारण गोंधळ होण्यासारखी जागा खरोखर आहे, फक्त ती मेसेजमध्ये दाखवलेली नाही.

पावसाळ्यात काही प्रश्नच नाही. लांब शेपटीवाल्याचं अंग गडद चॉकलेटी-काळं, चेहरा पांढरा, मानेमागे सोनेरी पिवळा पट्टा आणि त्याला काळी कड, पंख पांढरे, आणि ती शेपटी. शेपटी सोडली तर पक्षी साधारण एक फुटाचा, वर शेपटीचे २५ सेंटीमीटर. कांस्यपंखीचं डोकं, मान, छाती काळी, उन्हात हिरवट-जांभळी झाक मारते, पाठ आणि पंख काशाच्या भांड्यासारख्या रंगाचे, डोळ्यापासून मानेपर्यंत जाडसर पांढरी भुवई, शेपूट आखूड आणि विटकरी, चोच पिवळी आणि कपाळावर लालसर कातडीची छोटी ढाल. ही ढाल लांब शेपटीवाल्याला नसते, ना नराला ना मादीला. दुर्बिणीतून डोकं नीट दिसलं तर तेवढ्यावरसुद्धा काम होतं.

खरी गंमत हिवाळ्यात आणि पिल्लांच्या बाबतीत. हंगाम संपला की लांब शेपटीवाला पूर्ण वेष बदलतो, वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यातून एक काळी रेघ निघते ती मानेच्या बाजूने उतरत छातीवर गळपट्ट्यासारखी होते, आणि मानेचं सोनं फिकट होऊन राहतं. आणि कांस्यपंखीचं पिल्लू मोठं होत असताना त्याचंही डोकं तपकिरी, पोट पांढरं, गळा पिवळसर असतो. हे दोघं डिसेंबरात शेजारी शेजारी पानांवर चालत असतील तर अनुभवी माणूसही दोनदा बघतो. अशा वेळी थांबायचं आणि पक्षी उडायची वाट बघायची. पंख उघडले आणि पांढरे लख्ख दिसले, टोकाला तेवढं काळं, की तो लांब शेपटीवाला. पंख गडद राहिले की कांस्यपंखी. कुठलाही महिना असो, कुठलंही वय असो, ही खूण फसवत नाही, पिल्लू उडायला लागलेलं असलं म्हणजे झालं.

हे सगळं का सांगतोय, तर आज कितीतरी लोक ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, याद्या टाकतात, तळ्यावरच्या गणनेत भाग घेतात, आणि त्याच नोंदींवरून कुठला पक्षी वाढतोय, कुठला कमी होतोय हे ठरतं. एखाद्याने मेसेज खरा मानून दोन्ही जाती "कमळपक्षी, नर-मादी" म्हणून एका ओळीत टाकल्या की त्या तळ्यावरून एक जात कागदावर गायब झाली. पुढे ती खरोखर गायब झाली तरी कुणाला कळणार नाही, कारण ती तिथे होती याचीच नोंद नाही.

दुसरं वाक्य, "नर लांब शेपटीने मादीला भुलवतो". यात मोराची गोष्ट उचलून कमळपक्ष्याला चिकटवलेली आहे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात शेपटी नराला असते आणि मादीलाही असते. दोघांचा वेष सारखाच, सोनेरी मान सारखीच. फरक फक्त आकाराचा, आणि तो नेमका उलटा आहे: मादी मोठी, नर लहान. कांस्यपंखीतही हेच, दोघांचे रंग सारखे आणि मादी वजनाने नराच्या जवळपास दीडपट. म्हणून एकटा पक्षी पानावर उभा असला तर हा नर की मादी हे रंगावरून सांगताच येत नाही, दोघं शेजारी आले तर अंदाज येतो. ज्याने कुणी तो मेसेज बनवला त्याने फोटो बघितले, एक देखणा वाटला, एक साधा वाटला, आणि देखणा तो नर असणार असं धरून टाकलं. मोरात, सूर्यपक्ष्यात ते खरं आहे. इथे नाही. (आणि कांस्यपंखी साधा आहे हेही मला मान्य नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात कमळाच्या पानावर त्याची ती मान आणि पाठ एकदा बघा.)

मादी मोठी का, हा प्रश्न पुढे येतोच, कारण त्यानंतरची दोन वाक्यं म्हणजे "जन्मभराचा जोडा" आणि "आई पिल्लांना उचलून नेते", आणि तिथेच मेसेजने सगळ्यात मोठा घोळ घातलाय. खरी हकीकत त्या मेसेजपेक्षा कितीतरी पटीने भारी आहे आणि ती लोकांपर्यंत जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कमळपक्ष्यात एका मादीचे अनेक नर असतात. मादी तळ्याचा एक तुकडा आपला म्हणून राखते, दुसऱ्या माद्यांना हाकलते, त्यासाठी भांडते, आणि मोठं अंग तिला त्याच कामी येतं. लांब शेपटीवालीच्या पंखाच्या सांध्यावर तर टोकदार काटा असतो, नरालाही असतो पण मादीचा मोठा. तिच्या हद्दीत नर आपापले छोटे तुकडे धरून असतात, प्रत्येकाचं आपलं घरटं. ती एकाला ४ अंडी घालून देते आणि पुढे जाते. घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. एकटा.

आता यात दोन्ही जातींत फरक आहे आणि तो मला फार आवडतो. कांस्यपंखीत मादीचे सगळे नर एकाच वेळी तिच्या हद्दीत असतात. १९९० च्या दशकात स्टुअर्ट बुचार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला, १९९९ साली तो छापून आला, त्यात एकेका मादीकडे १ ते ४ नर आढळले. आणि हे नर काय करतात तर ओरडतात. मोठ्याने, परत परत. मादी एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते ना, मग ज्याचा आवाज जास्त त्याच्याकडे ती जाते, म्हणून नरांमध्ये ओरडण्याची चढाओढ. तळ्यावर सकाळी जो कर्कश आवाज येतो त्याला लोक "भांडतायत" म्हणतात, त्यातला बराचसा हा असतो.

लांब शेपटीवालीचं जरा वेगळं, ती बहुतेक एकामागून एक नर करते. एकाला अंडी दिली, तो बसला, की दुसऱ्याकडे. एका हंगामात एका मादीने १० पर्यंत वेळा अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. आवाजही वेगळा, हंगामात हा पक्षी मांजरासारखा म्याव करतो, अक्षरशः, नवख्या माणसाला वाटतं काठावर मांजराचं पिल्लू अडकलंय.

एवढी अंडी का घालावी लागतात? कारण घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा पालापाचोळ्याचा एक ओला ढीग, कधी कधी तर नुसतं पान. पाऊस जोराचा झाला, पाणी चढलं, म्हैस आत शिरली, की गेलं. कावळे आहेत, साप आहेत, जांभळी पाणकोंबडी आहे, तीही अंडी खाते. एवढं नुकसान होत असताना आईच जर २६-२८ दिवस अंड्यांवर बसून राहिली तर हंगामात एकदाच काय ते होणार. नर बसला तर मादी पुढची अंडी घालायला मोकळी. या पक्ष्यांची सगळी तऱ्हा या हिशोबावर उभी आहे.

अंड्यांवरूनसुद्धा दोन जाती लगेच वेगळ्या कळतात. लांब शेपटीवालीची अंडी गडद तपकिरी-हिरवट, चकचकीत, त्यावर एकही ठिपका नाही की रेघ नाही. कांस्यपंखीची अंडी तपकिरी, पण त्यावर काळ्या वेड्यावाकड्या रेघांचं जाळं, कुणीतरी पेनाने गिरगटून ठेवल्यासारखं. मेसेज बनवणाऱ्याने ही दोन घरटी बघितली असती तरी नर-मादीचा विषय तिथेच संपला असता. लांब शेपटीवाला नर घरटं बुडायला लागलं तर अंडी चोचीने आणि छातीने ढकलत, ओढत, दुसऱ्या पानावर नेतो. पाण्यावर, पानांवरून, एक एक करून ४ अंडी. याच्याइतका कष्टाळू बाप मी पक्ष्यांमध्ये फार कमी बघितलाय.

म्हणजे "आई पिल्लांना पंखाखाली उचलून नेते" यातला "आई" हा शब्दच चुकलाय, तो बाप असतो. मेसेजबरोबर कधी कधी तो प्रसिद्ध फोटो येतो ना, एक पक्षी आणि त्याच्या पंखाखालून आठ-दहा लांब लांब पाय लोंबतायत, तो बहुतेक वेळा आफ्रिकन कमळपक्ष्याचा असतो आणि तोही बापच. कांस्यपंखी नरही धोका वाटला की पिल्लं पंख आणि अंगाच्या मध्ये धरून नेतो. यासाठी त्याच्या पंखातलं एक हाड, हाताच्या बाहेरच्या बाजूचं, रुंद आणि चपटं झालेलं असतं, आफ्रिकन कमळपक्ष्यातही तसंच. लांब शेपटीवाल्यात ते हाड तसं पसरट नाही, त्याच्या पंखात तो काटा आहे. त्याची पिल्लं धोका आला की थिजून बसतात, किंवा पाण्यात दबून फक्त चोच वर ठेवतात, आणि बाप जखमी असल्याचं सोंग करत शत्रूला लांब घेऊन जातो. बघा, एकाच तळ्यावर, त्याच पानांवर, दोन बाप आणि पिल्लं वाचवायच्या दोन तऱ्हा. हे सगळं "आई" या एका शब्दाखाली गाडलं जातंय.

पिल्लांना भरवावं लागत नाही, ती बाहेर आली की थोड्याच वेळात चालतात आणि स्वतः किडे टिपतात. बाप नुसता बरोबर फिरतो, ऊब देतो, राखण करतो.

"जन्मभराचा जोडा" याबद्दल मग वेगळं काय सांगायचं. फक्त एक जोडतो, कारण काही लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि मादीला वाईट ठरवायला लागतात. पनामामध्ये एम्लेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन कमळपक्ष्यांवर काम केलं, १९८९ साली छापून आलं, त्यात एका मादीची जागा दुसरीने घेतली की नवी मादी तिथल्या नराची आधीची पिल्लं मारते असं दिसलं, कारण पिल्लं असेपर्यंत तो तिच्या अंड्यांवर बसणार नाही. सिंहात नवा नर हेच करतो. यात चांगली बाई वाईट बाई असं काही नाही, पक्ष्यांवर आपल्या घरच्या गोष्टी लादल्या की दोन्हीकडून चुका होतात, "एकनिष्ठ जोडा" ही एक चूक आणि "निर्दय आई" ही दुसरी.

हिवाळ्यात शेपटी का नसते ते वर आलंच. तरी लिहितो कारण मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त त्रास देणारं आहे, त्यावरून काही ठिकाणी लोकांनी तळ्यावरच्या मासेमारांकडे बोट दाखवलंय की तुम्ही शेपट्या तोडता. कुणीही तोडत नाही. हंगाम संपला की पिसं गळतात आणि आखूड शेपटीचा हिवाळी वेष येतो, पुढच्या पावसाळ्याआधी परत लांब शेपटी फुटते. ८ कमळपक्ष्यांमध्ये हंगामाप्रमाणे असा पूर्ण वेष बदलणारा हा एकटाच. कांस्यपंखी बारा महिने तसाच दिसतो. पक्ष्यांची शिकार कुठेकुठे होते, ते खोटं नाही, पण बिनशेपटीचा कमळपक्षी हा त्याचा पुरावा नाही.

आता पाय. "बोटांमध्ये पडदे असल्यामुळे पाण्यावर चालतात." पडदे बदकांना असतात, पोहायला. कमळपक्ष्याची बोटं सुटी आहेत, प्रचंड लांब आहेत, त्यावर नखं आणखी लांब आणि सरळ, मागच्या बोटाचं नख तर खुद्द बोटापेक्षा लांब. चिखलातून जाताना फळी टाकली की माणूस रुतत नाही, तेच काम ही बोटं करतात, वजन मोठ्या जागेवर पसरवतात. वजनही थोडंच, लांब शेपटीवाला नर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आणि तो पाण्यावर चालत नाही हो, पानांवर चालतो. कमळ, कुमुदिनी, शिंगाडा, जे काही तरंगतंय त्याच्यावर. पान लहान असलं तर दबतं, पाणी पावलांवर येतं, लांबून बघणाऱ्याला वाटतं की पाण्यावरच चाललाय. पान संपलं की त्याला पोहावं लागतं किंवा उडावं लागतं, आणि पोहता येतं त्याला, दोन्ही जातींना. याच बोटांवरून काही जण त्याला पाणकोंबडीचा भाऊ म्हणतात, तेही नाही. जांभळ्या पाणकोंबडीची बोटं लांब आहेत पण ती वेगळ्या गणातली, कमळपक्षी टिटवीच्या गणातला.

राहता राहिली जलपर्णी, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण बाकीच्या चुकांनी ज्ञान बिघडतं पण या चुकीने तळं बिघडतं.

कमळपक्षी जलपर्णीवर दिसतात हे खरं आहे. दोन्ही दिसतात, कांस्यपंखी तर जरा दाट, काठाकडच्या वनस्पतीत जास्त रमतो, लांब शेपटीवाल्याला मोकळ्या पाण्यावर पसरलेली पानं जास्त आवडतात. काही ठिकाणी जलपर्णीवर घरटीही करतात. पण त्यावरून जलपर्णी वाढवा म्हणणं चुकीचं आहे. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडे आली, सांडपाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. एकदा तिने पूर्ण पाणी झाकलं की खाली उजेड जात नाही, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, पाण्यातल्या देशी वनस्पती मरतात, मासे जातात. कमळपक्षी खातात काय, तर पानांखालचे आणि मुळांतले किडे, गोगलगायी, थोडंफार बी. त्याला पानंही हवीत आणि मधून मधून मोकळं, जिवंत पाणीही हवं. भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवी चादर झालेल्या तळ्याच्या काठाशी एखाद-दुसरा कांस्यपंखी दिसेलही, पण लांब शेपटीवाल्यासाठी ते तळं संपलेलं असतं.

आमच्या विदर्भात याचं उलटं उदाहरण डोळ्यासमोर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधलेले, नवेगाव बांध हा त्यातलाच मोठा. या तलावांत कमळ, कुमुदिनी, शिंगाडा, पाण्याखालचं गवत असं सगळं मिसळून असायचं, धीवर लोक मासे काढायचे, शिंगाडा काढायचे, आणि दोन्ही कमळपक्षी तिथे पावसाळ्यात घरटी करायचे. १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची जुनी पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले, निगा तुटली, गाळ भरला, काठाला बेशरम नावाचं बाहेरून आलेलं झुडूप वाढलं. आता काही गावांत धीवर मंडळी आणि गावकरी मिळून बेशरम उपटून देशी वनस्पती परत लावतायत, आणि तिथे पाणपक्षी परत दिसतात. तिकडे तैवानमध्येही लांब शेपटीवाला टिकलाय तो ताइनान भागातल्या शेतकऱ्यांच्या शिंगाड्याच्या शेतांमुळे. म्हणजे पक्षी वाढवायचा असेल तर शिंगाडा आणि कमळ वाढवा, जलपर्णी नाही.

फक्त जलपर्णी काढायची कधी ते बघा. ग्रामपंचायती आणि नगरपालिका बऱ्याचदा पाऊस सुरू झाल्यावर मशीन लावतात, आणि जून ते सप्टेंबर हाच घरट्यांचा काळ. उन्हाळ्यात काढा, पाणी कमी असतं, काम स्वस्तात होतं. पावसाळ्यात काढावीच लागली तर एका बाजूने थोडी थोडी काढा आणि आधी एखाद्या पक्षी बघणाऱ्याला होडीत बसवून अंड्यांवरचे नर कुठे आहेत ते बघून घ्या.

शेवटचं वाक्य, "घरट्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवा". नका काढू. हे पक्षी बघायला नांदूर मधमेश्वरला जा, नवेगाव बांधला जा, गोव्यात असाल तर करमळीच्या तळ्यावर जा, काठावरून दुर्बिणीतून भरपूर दिसतात. पण घरट्यापर्यंत होडी नेली की नर उठतो, अंडी उघडी पडतात, वर कावळा फिरत असतो. तरंगणारं घरटं होडीच्या लाटेनेसुद्धा उलटतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली अंड्यांना, घरट्याला हात लावणं गुन्हा आहे हे वेगळंच. आणि एकाने जागा सांगितली की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते, ते सगळ्यांनी पाहिलंय.

खूण सोपी आहे. पक्षी आपला आपला किडे टिपत पानांवरून चालतोय तोवर तुमचं अंतर बरोबर आहे. तो मान ताठ करून थांबला, ओरडायला लागला, किंवा पंख लुळा पडल्यासारखा करून तुमच्यासमोर फडफडत जायला लागला, तर अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत आणि तुम्ही फार आत आलायत. त्याच्या मागे जाऊ नका, फोटोसाठी थांबूही नका, नावाड्याला सांगा आल्या वाटेने होडी मागे घे.